पश्चिमेचा फांदा का वाळत होता: फोंड्यातल्या एका मानकुरादाचं प्रकरण

गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका कुळागराच्या, म्हणजे मिश्र बागायतीच्या, वरच्या कडेला मानकुराद जातीच्या आंब्याचं एक थोराड झाड आहे. खाली सुपारी, नारळ, जायफळ, भिरंड (कोकम), पोफळींवर चढवलेली मिरी. आणि पाटाचं पाणी जिथे चढत नाही त्या उंचवट्यावर हा आंबा. घरातल्यांच्या अंदाजाने वय साठीच्या पुढचं. झाड दरवर्षी मक्त्याने जायचं. गोव्याच्या मानकुरादाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याचा भाव त्या कागदाची वाट पाहत थांबला नव्हता. हंगामाच्या तोंडाला डझनाची किंमत ऐकून बाहेरगावचा माणूस पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतो. अशा झाडाला मक्तेदाराने "यंदा नको, भाऊ" म्हटलं, तेव्हा घरात चर्चा सुरू झाली.

तक्रार अशी होती. तीन-चार वर्षं मोहर विरळ होत चाललेला. पश्चिमेकडच्या फांद्या टोकाकडून वाळत आत येत होत्या. जे फळ धरत होतं ते बारीक. आणि झाडावर, घरमालक भाऊंच्या शब्दांत, "जंगल माजलेलं".

उपायांबद्दल घरात एकमत नव्हतं. भाऊंना सगळं झाड खरवडून साफ करायचं होतं. नारळ पाडायला येणाऱ्या पाडेलीचा संशय ऑर्किडवर होता. ती फुलं झाडाचा रस पितात, असं तो ठामपणे सांगत होता. मुलाचं म्हणणं सरळ: तोडा, लाकूड विका, तिथे नवी कलमं लावा. पण गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे स्वतःच्या जमिनीतलं झाड तोडायलाही परवानगी लागते. त्या कटकटीपायी का होईना, आंब्याला मुदत मिळाली. आजींनी मध्ये पडून "आधी कुणाला तरी दाखवा रे" म्हटलं, आणि त्या दाखवण्यासाठी मला बोलावणं आलं. फळझाडांवर वाढणाऱ्या वनस्पतींची नोंद ठेवणं हा माझा जुना उद्योग आहे.

झाडावर काय काय होतं

"जंगल" हा शब्द अगदीच खोटा नव्हता. बुंध्यावर आणि फांद्यांच्या सावलीच्या अंगाला राखाडी-हिरवट दगडफूल पसरलेलं. शेवाळ. दोन जाड फांद्यांच्या बेचक्यांत बाशिंग नावाचं नेचं, त्याची तपकिरी, कडक, ओकच्या पानासारखी कापलेली पानं खोडाला चिकटून बसलेली आणि त्यांच्यामागे पालापाचोळा, माती, मुंग्या. पूर्वेच्या फांद्यावर सीतेची वेणी या ऑर्किडचे मोठे झुबके. मधल्या बेचक्यात हातभर उंचीचं पिंपळाचं रोप. बुंध्याला मिरीचा एक वेल, पण त्याची मुळं जमिनीत होती, त्यामुळे तो या यादीत धरायचं कारण नव्हतं. आणि झाडाच्या वरच्या, उन्हातल्या भागात बांडगुळाचे गुच्छ.

भाऊंना हे गुच्छ पहिल्यांदा दिसलेच नव्हते. त्यात नवल नाही. बांडगुळाचं पान आंब्याच्या पानात मिसळून जातं. खालून पाहताना मी रंगावर लक्ष ठेवतो. आंब्याचा जुना पाला गडद आणि तकतकीत असतो, बांडगुळाचा फिका, राखाडी झाक असलेला. पान आखूड, रुंद, टोकाला बोथट, हाताला जाड. शंका राहिली तर पान चुरगळायचं. आंब्याच्या पानाला कैरीचा वास येतो, बांडगुळाच्या पानाला तो येत नाही. फुलं असतील तर प्रश्नच मिटतो, कारण नारिंगी-लाल लांब नळीची फुलं आंब्याला कधी येत नाहीत.

गोव्यातल्या आंब्या-फणसांवर बांडगुळाच्या एकाहून अधिक जाती मिळतात. इथे होती ती सगळ्यांत जास्त आढळणारी, डेंड्रोफ्थी फाल्काटा. एका गुच्छावर तर आणखी एक वनस्पती वाढलेली होती: जवळजवळ पानं नसलेली, चपट्या हिरव्या सांध्यांची, व्हिस्कम कुळीतली. ती बांडगुळाच्याच फांदीवर पोसली जात होती. चोरावर मोर म्हणतात तो प्रकार. भाऊंना हे दाखवल्यावर ते पहिल्यांदा हसले.

तीन फांदे, तीन हकिगती

या झाडाचं निदान करण्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही. बुंधा माणसाच्या डोक्याच्या वर गेल्यावर तीन मोठ्या फांद्यांत विभागतो. एका वहीत तिन्ही फांद्यांचं ढोबळ चित्र काढून कुठे काय आहे आणि कुठे काय वाळलं आहे एवढंच मांडलं.

पूर्वेचा फांदा कुळागराच्या बाजूला, सावलीत आणि ओलाव्यात. त्यावर ऑर्किडची आणि बाशिंगाची सगळ्यांत दाट गर्दी. आणि तोच फांदा सगळ्यांत निरोगी: पालवी वेळेवर, टोकं हिरवी, गेल्या हंगामातलं बरंचसं फळ याच फांद्याचं.

पश्चिमेचा फांदा रस्त्याकडे उघडा. त्यावर ऑर्किड मोजके, बाशिंग नाहीच. बांडगुळाचे गुच्छ मात्र खालून मोजता आले तेवढेच ११, त्यातले काही जुन्या झुडपाएवढे मोठे. प्रत्येक गुच्छाच्या मुळाशी फांदीला गाठ आलेली, आणि गाठीच्या पलीकडचा आंब्याचा भाग वाळलेला किंवा वाळायला लागलेला. मधल्या फांद्याची अवस्था मधलीच.

ऑर्किड जर रस पीत असता तर पूर्वेचा फांदा आधी जायला हवा होता. हे पाडेलीला वहीतून नाही, झाडाखाली उभं करून दाखवावं लागलं. त्याचा गैरसमज कुठून आला तेही तेव्हा कळलं: पश्चिमेच्या ज्या दोन फांद्यांवर ऑर्किड होते त्या खरंच वाळत होत्या. पण त्यांच्याच बुडाशी बांडगुळाची गाठ होती, पानांआड गेलेली. वर फुलणारा ऑर्किड दिसला, खालची गाठ दिसली नाही.

खोडकिड्याची शक्यताही तपासली, कारण फांदी टोकाकडून वाळणं हे त्याचंही लक्षण असतं. बुंध्याशी ताजा भुसा नव्हता, चीक वाहिल्याच्या खुणा नव्हत्या. तो विषय तिथेच संपला.

राहणारा आणि पिणारा

सीतेच्या वेणीची मुळं मी पाडेलीला बोटाने सोडवून दाखवली. जाड, पांढुरकी, सालीवरून सरपटणारी. त्यांच्याखालची साल शाबूत होती. मूळ आत शिरल्याची खूण कुठेच नव्हती. पाण्याचा शिपका मारला की ती पांढुरकी मुळं हिरवट दिसायला लागतात, कारण त्यांच्यावरचं स्पंजी आवरण पाणी शोषतं आणि आतला हिरवा भाग दिसू लागतो. या वनस्पतीला झाडाकडून हवी असते ती जागा आणि उजेड. पाणी पावसाचं आणि दवाचं, खनिजं सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यातली. बाशिंग तर आपली माती आपणच तयार करतं. त्याची ती तपकिरी पानं अन्न तयार करत नाहीत, पडणारा पाचोळा अडवून धरतात, आणि तो कुजला की नेच्याची मुळं त्यात पसरतात. दगडफूल आणि शेवाळ सालीच्या आत जात नाहीत. म्हाताऱ्या, वाढ मंदावलेल्या झाडावर ती जास्त दिसतात. पण म्हातारपण त्यांनी आणलेलं नसतं.

बांडगुळाचं वागणं मुळापासूनच वेगळं. त्याचं बी जमिनीत रुजून जगूच शकत नाही. फळातला गर चिकट, बियाभोवतीचा थर त्याहून चिकट. टिकेलचा फुलटोच्या हा आपल्याकडचा अगदी छोट्या पक्ष्यांपैकी एक, शेपटीसकट जेमतेम आठ सेंटिमीटर. तो ही फळं खातो, थोड्याच वेळात बी बाहेर टाकतो, आणि ते अंगाला चिकटून राहतं म्हणून फांदीवर घासून काढतो. म्हणजे पेरणी नेमकी जिथे हवी तिथेच होते. फुलांकडे येतात ते शिंजीर. कोकणातल्या या देवाणघेवाणीवर सलीम अली यांनी १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर लिहिलं होतं, आणि तेही कोकणातल्याच निरीक्षणांवरून. आंबा-बागाईतदारांनी आजही वाचावं असं ते लेखन आहे.

बी फांदीला चिकटलं की त्यातून निघणारा अंकुर सालीवर टेकतो, साल भेदतो आणि लाकडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांना जाऊन भिडतो. पानं हिरवी असल्यामुळे बांडगूळ आपलं अन्न बरंचसं स्वतः तयार करतं. चोरतं ते पाणी आणि त्यात विरघळलेली खनिजं. वाटेत जलवाहिनीला नळ मारावा तसं. गाठीच्या पुढच्या फांदीला उरलंसुरलं मिळतं.

इथे गोव्याची हवा महत्त्वाची ठरते. जूनपासून चार महिने पाऊस असा कोसळतो की पाण्याची ददात कुणालाच नसते. त्यानंतर मे अखेरपर्यंत आभाळ जवळजवळ कोरडं. माघ-फाल्गुनात माती सुकते तेव्हा आंबा पानांवरची रंध्रं आवळून पाणी वाचवतो. बांडगूळ तशी काटकसर करत नाही, त्याची पानं पाणी उडवत राहतात. नेमका तोच मोहर आणि फळ धरण्याचा काळ. पूर्वेच्या फांद्याला ओलाव्याची साथ होती आणि त्यावर बांडगूळ कमी. पश्चिमेला दोन्ही गोष्टी उलट्या. उघड्या बाजूला बांडगूळ जास्त का, याचं उत्तरही सोपं आहे: त्याला ऊन लागतं, आणि उंच मोकळ्या फांदीवर फुलटोच्या बसतोही जास्त.

आधी केलेला उपाय

दोनेक वर्षांपूर्वी एका गड्याने लांब आकडीने खालचे गुच्छ ओढून मोडले होते, ही माहिती आजींकडून मिळाली. भाऊ ते विसरले होते. पण झाडाला आठवत होतं: मोडलेल्या प्रत्येक ठिकाणी एकाच्या जागी चार-पाच कोंब आलेले. बांडगूळ वरून मोडलं तरी लाकडात शिरलेला भाग जिवंत राहतो. शिवाय ही जात सालीवरून आडवे धागे सोडते आणि ठिकठिकाणी पुन्हा आत शिरते, त्यामुळे एक गुच्छ दिसला तरी त्याची पकड वीतभर, कधी हातभर पसरलेली असते.

औषधांचा प्रश्न मुलाने काढला. साबणाच्या पाण्यात डिझेल मिसळून फवारणं, फांदीला भोक पाडून मोरचूद आणि तणनाशक टोचणं, असे उपाय शेतीच्या पुस्तिकांत सापडतात. फळ खायच्या झाडात, तेही आधीच थकलेल्या, तणनाशक टोचायला मी तयार नव्हतो. आणि तीस-चाळीस फूट उंचीवर डिझेल फवारलं की ते बांडगुळावर किती आणि खालच्या मिरीवर किती पडणार, हे भाऊंनीच विचारलं.

म्हणून करवत. बांडगुळाच्या गाठीपासून बुंध्याकडे किमान हातभर अंतर सोडून आंब्याची फांदीच कापायची. यात आंब्याचं नुकसान होतं, ते मान्य करूनच.

दसरा-दिवाळीच्या मधले दिवस निवडले. पाऊस ओसरलेला, साल कोरडी झालेली, त्यामुळे चढणारा माणूस घसरत नाही आणि कापलेल्या जागी बुरशी धरत नाही. मोहर अजून आलेला नाही, आणि बांडगुळाची फळं पिकलेली नाहीत. हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत कामाचा. पिकलेल्या फळांसकट गुच्छ खाली टाकून ठेवला तर पक्षी तिथूनही फळं उचलतात. फळं नसलेला पाला मात्र निर्धोक. तो शेजारच्या वाड्यावरच्या शेळ्यांनी दोन दिवसांत संपवला.

कापलेल्या जागांना बोर्डो पेस्ट लावली: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. याचं शिक्षण या घराला द्यावं लागलं नाही. सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रण मारण्यात या कुळागराच्या पिढ्या गेल्या आहेत. पेस्ट म्हणजे तेच मिश्रण, फक्त दहापट दाट.

दोन ठिकाणी मात्र करवत चालवता आली नाही. तिथे गाठ थेट मुख्य फांद्यावरच होती; ती काढायची म्हणजे फांदाच काढायचा. तिथले गुच्छ मुळाशी तासून टाकले आणि दरवर्षी फुलं येण्याआधी कोंब खुडायचं ठरलं. याने बांडगूळ मरत नाही, पण वाढत नाही आणि बी धरत नाही.

पिंपळावर आजींनी हात आडवा धरला. पिंपळ तोडायचा नाही. वास्तविक झाडावरच्या सगळ्या मंडळींत दूरच्या भविष्यात सगळ्यांत धोकादायक तोच. वड-पिंपळ कुळीचं रोप बेचक्यात उगवतं तेव्हा ऑर्किडइतकंच निरुपद्रवी दिसतं. मग त्याची मुळं खोडावरून उतरून जमीन गाठतात, जाड होतात, एकमेकांत गुंततात, आणि यजमान झाड त्यात आवळलं जातं. शेवटी पाडेलीने बेचक्यातली कुजकी माती ओली करून रोप मुळासकट हळूहळू ओढून काढलं, आणि आजींनी ते देवळाच्या तळीकाठी लावायला दिलं. लागलं की नाही ते मी विचारलेलं नाही.

ज्या फांद्या कापायच्या होत्या त्यांवरचे ऑर्किड आधी सोडवून घेतले आणि सुंभाने फणसाच्या बुंध्याला बांधले. पूर्वेच्या फांद्याला कुणी हात लावला नाही. ऑर्किड विकायची कल्पना मुलाच्या मनात येऊन गेली. जंगलातून ओरबाडलेले ऑर्किड विकणं आपल्याकडे सर्रास चालतं, पण ऑर्किडचं अख्खं कूळ सायटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, आणि घरच्या झाडावर ते टिकून आहेत हे मला विक्रीपेक्षा मोलाचं वाटतं. बाशिंगाचा एक मोठा गठ्ठा मात्र काढायला सांगितला. तो घराच्या कौलांवर झुकलेल्या फांदीवर होता. पावसात असा गठ्ठा पाणी पिऊन जड होतो आणि त्याच्याखाली लाकूड कुजलं असेल तर वरून कळत नाही. निरुपद्रवी असणं वेगळं, डोक्यावर असणं वेगळं.

बांडगूळ पूर्ण नष्ट करावं असं मला वाटत नाही, हे इथे सांगायला हवं. हळदीकुंकू या फुलपाखराच्या अळ्या बांडगुळाच्या पानांवरच वाढतात, शिंजिरांना कोरड्या महिन्यांत त्याचा मध मिळतो. कुळागराबाहेरच्या जंगली झाडांवर ते भरपूर आहे आणि तिथे ते असू द्यावं. मक्त्याने जाणाऱ्या आंब्यावर नको, एवढंच.

त्यानंतरचे हंगाम

पहिल्या वर्षी पश्चिमेला मोहर आलाच नाही. तो येणार नव्हता; एवढी छाटणी झाल्यावर झाड आधी पालवी काढतं. मुलाने तेव्हा पुन्हा कलमांचा विषय काढला. दुसऱ्या वर्षी मधला फांदा चांगला मोहरला आणि पश्चिमेकडे कापलेल्या जागांच्या खाली जोमदार फुटवे आले, त्यातल्या काहींना तुरळक मोहर. एक मोठी फांदी मात्र वाचली नाही, ती बुडाशी काढून टाकावी लागली. मक्तेदार परत आला, जुन्या भावाला नाही. त्याने झाडाकडे पाहून घासाघीस केली आणि भाऊंनी ती मानून घेतली.

नवी रोपंही सापडली. हे अपेक्षितच होतं. सालीला चिकटलेलं बी, त्यातून निघालेली दोन-चार जाड पानं, एवढ्या अवस्थेत बांडगूळ चाकूच्या टोकाने सहज निघतं आणि परत येत नाही. पाडेलीने ही रोपं शोधायची सवय लावून घेतली आहे. नारळ पाडायला आला की आंब्यावर एक नजर टाकून जातो, आणि ऑर्किडवरचा त्याचा राग आता फक्त चिडवण्यापुरता उरला आहे.

पण ही रोपं झाडभर विखुरलेली नव्हती. बहुतेक सगळी रस्त्याच्या कडेच्या फांद्यांवर होती. रस्त्यापलीकडच्या बंद घराच्या आवारात दुसरा एक जुना आंबा आहे, आणि त्याच्यावर आता आंब्याच्या पानांहून बांडगुळाची पानं जास्त दिसतात. घराचे मालक परदेशात असतात, वर्ष-दोन वर्षांनी एकदा येतात. गोव्यात अशी कुलूपबंद घरं गावोगाव आहेत, आणि त्यांच्या आवारातली झाडं कुणाचीच नसल्यासारखी वाढतात. फुलटोच्याला कुंपण दिसत नाही. तो तिकडे खातो आणि इकडे पेरतो. तेव्हा भाऊंचं झाड कितीही राखलं तरी तिकडचं झाड तसंच असेपर्यंत हे काम दरवर्षीचं.

घराची देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी मालकांना विचारल्याशिवाय झाडाला हात लावायला नकार दिला, आणि ते बरोबरच होतं. भाऊंनी मुलाकडून गुच्छांचे फोटो पाठवले. बराच काळ उत्तर नव्हतं. मग आलं: छाटायला हरकत नाही, झाड पडता कामा नये, आणि खर्च ज्यांना छाटायचं आहे त्यांनी करावा. भाऊ थोडे कुरकुरले. पण दसऱ्यानंतरची कुठली तारीख मोकळी आहे, ते त्यांनी पाडेलीला विचारून ठेवलं आहे.